मशीनमावशीचे कान

माझी मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते. तिचं खरं नाव गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल; सगळे तिला मशीनमावशीच म्हणतात. मी दहा वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून मला तिनेच वाढवलं, दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. माझा अभ्यास मशीनच्या खडखडाटात झाला, आणि अधूनमधून ताटातही मशीनचं तेल आलं असणार.

मशीन दुकानात आलं की ती लगेच उघडत नसे. गिऱ्हाइकाला म्हणायची, "आधी चालवून दाखवा." मग एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगावर टेकवायची, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची. "शटलला चरा पडलाय," ती सांगायची, किंवा "पट्टा सैल झालाय, बाकी तब्येत उत्तम." दहातल्या नऊ वेळा तिचं बरोबर निघायचं. दहाव्या वेळी ती म्हणायची, मशीन खोटं बोललं.

मी एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो. दिवसभर लोकांना हळू आवाजात सांगायचं, "मूठ आवळा, काही दुखणार नाही." बहुधा त्याचाच उतारा म्हणून मी ड्रम वाजवायला लागलो. आमचा तिघांचा हेवी मेटल बँड आहे. लाँड्रीवाला गिटार वाजवतो आणि गातो; गातो म्हणजे घशातून असा आवाज काढतो की पहिल्यांदा ऐकणारा त्याला पाणी द्यायला धावतो. पोस्टमन बास गिटार वाजवतो. आम्ही तिघंही पस्तिशी ओलांडलेले, दोघांची पोटं सुटलेली.

सरावाला जागा कुणी देईना, तेव्हा मावशीने दुकानाखालचं तळघर रिकामं करून दिलं. तिथे तिची जुनी मशीनची टेबलं पडलेली असत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पाच ते सात. घरमालक कुरकुरला तर त्याच्याशी तीच भांडली. चार वर्षं तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. कधीतरी जिन्यात डोकावून विचारायची, "हे गाणं संपलं का बिघडलं?" आणि स्वतःच हसत वर जायची.

मग कॉम्प्रेसरचा पाइप निसटला. मशीनमधला धाग्यांचा भुसा ती हवेच्या झोताने काढायची. त्या दिवशी वाकून काम करत असताना डाव्या कानापासून वीतभर अंतरावर पाइप सुटला आणि धडाका झाला. दोन दिवस कान बधिर. मग शिट्टी सुरू झाली. डॉक्टरांनी तपासलं, पडदा शाबूत आहे, ऐकू नीट येतंय, शिट्टी हळूहळू कमी होईल म्हणाले. आम्ही सराव बंद ठेवला. तीन आठवड्यांनी मी विचारलं, "मावशी, आता सुरू करू का?"

"कर की," ती म्हणाली. "मी काय आजारी आहे?"

मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. लॅबमध्ये सुई बघून फिकट पडलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तर मी त्याला आधी आडवा करतो. मावशीच्या बाबतीत मला ते सुचलं नाही.

बदल दिसत होते. तिच्या घरातली स्टीलची ताटं गेली, प्लास्टिकच्या बशा आल्या. दाराची बेल निघाली, तिच्या जागी चिठ्ठी, "हलकेच ठोका." फोन गप्प. नळाखाली फडकं, म्हणजे पाणी पडताना आवाज नको. माझी बायको एकदा तिच्याकडे चहा घेताना कपात चमचा हलवत होती, तर मावशीने तिचा हात धरला. नुसता धरला आणि मग ओशाळून सोडून दिला. घरी येताना बायको म्हणाली, "मावशींना काहीतरी होतंय. तू बघ ना."

मी विचारलं. मावशी म्हणाली, "वय झालं की माणूस चक्रम होतो. तू लक्ष देऊ नकोस."

खरी गोष्ट मला पुढे कळली, तिच्याच तोंडून. तिला कमी ऐकू येत नव्हतं, जास्त येत होतं. कागद चुरगळला तरी कानात टोचायचं. कुणी खुर्ची ओढली की जबडा आवळला जायचा आणि दाढेपर्यंत कळ जायची. या सगळ्याच्या वर आमचा सराव. आमच्या आवाजाचं काय व्हायचं ते तिने मला नंतर कारागिराच्या बारकाईने समजावलं. झांजा कानात घुसायच्या, पण त्यांना कानातला कापसाचा बोळा थोडा तरी अडवायचा. बास आणि मोठ्या ड्रमचा आवाज मात्र कानातून यायचाच नाही. तो जमिनीतून खुर्चीत, खुर्चीतून पाठीच्या कण्यात यायचा. त्याला बोळा कुठे घालणार? तिच्या हृदयाचे ठोके माझ्या ड्रमवरच्या पायाच्या मागे धावायला लागायचे, आणि मी थांबलो तरी ते थांबायचे नाहीत.

त्याहून वाईट होतं ते वाट बघणं. मंगळवारी सकाळी जाग आली की आधी आठवायचं, आज मंगळवार. तीनपासून हातपाय गार. चार वाजता माझं काम सुटतं हे तिला ठाऊक. मग प्रत्येक मोटरसायकल माझीच वाटायची. पावणेपाचला ती दुकान बंद करून निघायची आणि वाचनालयात वर्तमानपत्र समोर धरून सात वाजेपर्यंत बसायची. तिथेही कुणी पान उलटलं की दचकायची. शनिवारी वाचनालय दुपारीच बंद. मग ती न्हाणीघरात दार लावून, डोक्याला उशी गुंडाळून, पालथ्या बादलीवर बसायची. मी सरावानंतर वर जाऊन तिच्या हातचा चहा पिऊन जायचो. ती हसून विचारायची, "झालं का मनासारखं?"

कानांची भीती वाढली तसे बोळेही वाढले. आधी फक्त सरावाला, मग रस्त्यावर, मग दुकानात, शेवटी दिवसभर. फोमची बुचं आणि वरून कापूस. ज्या कानांवर तिचं पोट होतं तेच तिने बुजवून टाकले. स्क्रूड्रायव्हर कानामागे लावणं तर केव्हाच थांबलं होतं. आता ती हाताने चाचपून, अंदाजाने दुरुस्ती करत होती. मशीनं परत यायला लागली. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नव्हती, एवढंच.

एका गुरुवारी चारच्या सुमाराला शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई तिचं मोटरचं मशीन घ्यायला आली. मावशी टीप दाखवत होती. कापड जरा वाकडं जात होतं म्हणून ती बाई "थांबा हं" म्हणाली आणि तिने दाबपट्टीजवळ बोट घातलं. मावशीला ते "थांबा" ऐकूच गेलं नाही. तिने पाय दाबला. सुई नखातून आरपार गेली.

मावशीने मशीनचं चाक हाताने उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट बांधलं, त्या बाईला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. बाई बिचारी भली. "माझंच चुकलं, मशीन चालू असताना मी हात घालायला नको होता," असं म्हणत राहिली. परत येऊन तिने दुकानाचं शटर हळूहळू, दोन्ही हातांनी सावरत खाली ओढलं आणि आत अंधारात बसून राहिली. त्या दिवशी वाचनालयात जायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

पाच वाजता आम्ही आलो. शटर बंद म्हणजे मावशी बाहेर गेलीय, असं धरून आम्ही बाजूच्या दाराने खाली उतरलो. नवीन गाणं बसवत होतो, सगळ्यात वेगाचं. दोन्ही पायांनी मोठा ड्रम सतत वाजवायचा होता. मी डोळे मिटून वाजवतो.

मला जाणवलं ते एवढंच की बास नाहीसा झाला. तरी मी आणखी काही ठोके पुढे गेलो. डोळे उघडले तेव्हा पोस्टमन तारांवर पंजा दाबून उभा होता आणि जिन्याकडे बघत होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर मावशी. दोन्ही हात कानांवर, केस सुटलेले, साडीच्या पदरावर ओकारीचा डाग. ती किती वेळ तिथे उभी होती कुणास ठाऊक. झांज अजून थरथरत होती. मी ती हाताने धरली.

"जरा थांबता का?" ती म्हणाली. "मला आज बरं वाटत नाहीये."

इतक्या अदबीने म्हणाली, परक्याच्या घरी आल्यासारखी. तळघर तिचं, आणि तीच आमची परवानगी मागत होती.

आम्ही तिला वर नेलं. बायकोला बोलावलं. त्या संध्याकाळी मावशीने सगळं सांगितलं, वाचनालय, बादली, उशी, बोटातली सुई. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू वाजवणं सोडलं असतंस."

"अगं, सोडलं असतं तर सोडलं असतं."

"तेच मला नको होतं," ती म्हणाली. "आई गेल्यावर दोन वर्षं तू कुणाशी बोलत नव्हतास. आठवतंय का तुला? मशीनच्या टेबलावर बोटांनी ताल धरायचास, तेवढाच तुझा आवाज. मी आता म्हणू, की तेही बंद कर?"

बायको उठून आत गेली आणि मावशीसाठी कोमट पाणी घेऊन आली. ग्लास टेबलावर ठेवताना तिने खाली आपली बोटं धरली, आवाज होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन टपाल वाटता वाटता दुकानात आला. मी तिथेच होतो. तो मावशीसमोर स्टुलावर बसला आणि इतक्या हळू आवाजात बोलला की मलाच पुढे वाकावं लागलं.

"मावशी, तुम्हाला एक सांगू? मी घरी बायकोबरोबर जेवत नाही. अकरा वर्षं झाली."

"भांडण आहे का?"

"छे. माणूस सोन्यासारखं आहे. पण ती घास चावते ना, तो आवाज मला सहन होत नाही. डोक्यात तिडीक जाते. उठून ताट भिरकावून द्यावंसं वाटतं. नखं कापायचा आवाज, कुणी नाक ओढलं तो आवाज. ऑफिसात एकजण पेनाचं बटण टकटक करतो, त्याच्यासाठी मी टपालाचा लांबचा भाग मागून घेतला."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "आणि खाली बसून तो गोंगाट करतोस तो?"

"तिथेच तर मी निवांत असतो. एकदा सुरू झालं की भिंत उभी राहते. मधे दुसरं काही शिरूच शकत नाही. कुणी चावत नाही, कुणी टकटक करत नाही. दोन तास माझं डोकं शांत असतं."

"मला तीच भिंत अंगावर पडते," मावशी म्हणाली.

आम्ही चार वर्षं एकत्र वाजवत होतो आणि हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मग त्याने विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कधी होतो? झांजेला?"

मावशीने विचार केला. "सुरू व्हायच्या आधी. तुम्ही खाली उतरता, वायरी जोडता. आता होईल, आता होईल. ते एक मिनिट मला मारून टाकतं."

पोस्टमनने मान हलवली. "माझंही तसंच. बायकोने घास उचलला की."

ज्या बाई पोस्टमनच्या या त्रासावर उपचार करत होत्या त्यांच्याकडे तोच मावशीला घेऊन गेला. त्या बाई कानांच्या तज्ज्ञ, सरकारी इस्पितळातल्या एका अरुंद खोलीत बसणाऱ्या. मी बरोबर होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कापूस काढा. मावशीचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, अंधाऱ्या खोलीत महिनाभर राहून बाहेर आलं तर साधं ऊनही डोळ्यांना खुपतं. तुम्ही कानांना अंधारात ठेवलंय. एकदम उघडायचे नाहीत. घरात आधी, शांततेत. दिवसभर कानाशी एक मंद, सारखा आवाज ठेवायचा, नळ दूरवर वाहत असल्यासारखा. आणि ज्याची भीती वाटते तो आवाज रोज थोडा, स्वतःच्या हाताने सुरू करून, स्वतःच्या हाताने बंद करून. "दुसऱ्या कुणी बटणाला हात लावायचा नाही," त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. आणि भर रस्त्यात, मोठ्या आवाजात बुचं घालायला हरकत नाही, हेही सांगितलं. हे मावशीला लागू पडलं. दुसऱ्या कुणाला काय लागू पडेल ते मला सांगता येणार नाही.

आम्ही तळघर सोडलं. लाँड्रीवाल्याने धुलाईच्या शेडमागची जागा मोकळी केली. मला वाटलं, अर्धं काम झालं. पुढच्या मंगळवारी काम सुटल्यावर सहज म्हणून मावशीकडे गेलो तर ती पावणेपाचला पिशवी घेऊन दारात उभी. खाली काही नव्हतं, रिकामी जमीन आणि चार खिळे. तिला ते माहीत होतं. तरी तिचे हात गार होते आणि मानेची शीर उडत होती.

"खाली चल," मी म्हटलं. "बघ, कुणी नाहीये."

"मला दिसतंय रे," ती म्हणाली. "छातीला दिसत नाही."

त्या दिवशी तिने वाचनालय गाठलंच. मी सराव सोडून तिच्यासोबत जाऊन बसलो आणि दोन तास एकच पान वाचलं. तेव्हा मला भीती वाटली, की हे आता असंच राहणार. आम्ही निघून गेलो आणि आवाज तिच्यात राहून गेला.

पंधरा दिवसांनी तिने स्वतःच आमच्या सरावाचं रेकॉर्डिंग मागितलं. मी एक जुना प्लेयर आणला, गोल बटणाचा. ते बटण तिच्या हातात. मी, बायको आणि पोस्टमन समोर बसलो, ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तसे. तिने बटण इतकं थोडं फिरवलं की मला काही ऐकूच येईना. तिचा जबडा मात्र आवळला गेला. चाळीस सेकंदांनी तिने बंद केलं, कपाळ पुसलं आणि कागदावर लिहिलं, चाळीस.

दुसऱ्या दिवशी पन्नास. मग पंचवीस, कारण त्या दिवशी रस्त्यावर कुणीतरी मोठ्याने हॉर्न वाजवला होता आणि तिचं सगळं मागे गेलं होतं. एक पूर्ण आठवडा शून्य. ती म्हणाली, मला नाही जमत, नका मला छळू. आम्ही प्लेयर कपाटात ठेवला. मग पुन्हा तीस. असे तीन महिने गेले.

एका रविवारी ती दोन मिनिटांच्या पुढे गेली. भुवया जवळ आल्या. मला वाटलं, आता बंद करणार. तिने बटण किंचित वर नेलं.

"तुझा डावा पाय उशिरा पडतोय," ती म्हणाली.

"नाही गं, ते तसंच आहे."

"तसंच कसं असेल? एक टीप लांब, एक आखूड. उसवेल ते."

पोस्टमन हसत सुटला. तीन वर्षं हेच तो मला सांगत होता आणि मी ऐकून घेत नव्हतो. तो हसताना मावशीने कान झाकले नाहीत. हे मला रात्री घरी आल्यावर बायकोने सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी रुसलो होतो.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. शिट्टी आहेच. स्टीलची ताटं परत आलेली नाहीत. पण दुकानात कापूस नाही. गणवेशवाल्या बाईने आपलं मशीन पुन्हा मावशीकडेच आणलं. मावशीने आधी तिला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगितलं, आणि बाई शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली.

गेल्या महिन्यात आमचा कार्यक्रम होता, एका छोट्या सभागृहात, दुपारी. मी मावशीला बोलावलं नव्हतं. ती पोस्टमनच्या बायकोबरोबर आली, डोक्यावर मोठी कानटोपीसारखी आवाज अडवणारी साधनं घालून. दोघी बाहेरच्या व्हरांड्यात बसल्या. पहिलं गाणं तिने बंद दारातून ऐकलं. दुसऱ्या गाण्याला दार फटभर उघडलं आणि मला ती दिसली, चौकटीला हात धरून उभी. मी डोळे मिटायचं विसरलो. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर पुन्हा बघितलं तर दार बंद, ती नाही.

माझा हात चुकला. लाँड्रीवाल्याने वळून बघितलं. मला दिसत होती ती जिन्यावरची मावशी, पदरावर डाग घेऊन उभी. उरलेली चार गाणी मी कशी वाजवली ते मला माहीत नाही. संपल्या संपल्या बाहेर धावलो. व्हरांड्यात दोन्ही खुर्च्या रिकाम्या. फोन लावला, तिचा फोन गप्पच असतो. पुन्हा लावला. पाचव्यांदा तिने उचलला.

"कुठे आहेस? काय झालं?"

"घरी आलेय. चहा टाकलाय आम्ही दोघींनी."

"त्रास झाला का?"

"तिसऱ्याला छातीत धडधडायला लागलं. मग उठले आणि आले. सावकाश चालत आले, पळाले नाही." मागे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. "दोन गाणी झाली माझी. पुढच्या वेळी किती ते आत्ता विचारू नकोस."

"नाही विचारत," मी म्हटलं.

"आणि ही पोस्टमनची बायको बिस्किटं खातेय," ती म्हणाली. "काही फार आवाज करत नाही बाई. चांगली खाते."